शेवटचा थर आधी ठरवा: प्लॅस्टिक मॉडेलसाठी रंग आणि फिनिश कसं निवडायचं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जे 'अं' आणि 'म्हणजे' जास्त झाले ते काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून बसमध्ये असाल किंवा भांडी घासताना ऐकत असाल, दोन्ही चालेल. आजचा विषय रंगांचा आहे, पण बघण्यासारखं काही नाही, सगळं ऐकून समजेल असं सांगायचा प्रयत्न करतो.

किट जोडायला लागलेला प्रत्येक जण एक प्रश्न विचारतो: "विमान जोडून झालं, आता रंग कुठला घेऊ?" आणि त्याला उत्तर म्हणून लोक बाटलीचा नंबर सांगतात. हा घे, तो घे. मीही तीन वर्षं तेच केलं. नंबर बरोबर होते, मॉडेल चुकत होती. का चुकत होती हे मला एका प्रसंगात कळलं. आधी तो सांगतो.

माझे आबा, म्हणजे आईचे वडील, नाशिकजवळ ओझरच्या एचएएलच्या कारखान्यात फिटर होते. तिथं मिग-२१ तयार व्हायचं. भारतीय हवाई दलात हे विमान १९६३ साली आलं, आणि पुढं ओझरला ते लायसन्सवर बनायला लागलं. आबांनी आयुष्याची चांगली वर्षं त्या विमानाच्या पत्र्यांवर हात ठेवून काढली. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. सगळे शाल-श्रीफळ आणणार, मी ठरवलं मिग-२१ द्यायचं. १/७२ स्केल, म्हणजे साधारण वीतभर लांबीचं. जुन्या एफएल प्रकारचं, चकचकीत उघड्या धातूचं, जसं आबांच्या अल्बममध्ये आहे तसं.

दोन महिने लागले. सांधे भरले, पॉलिश पेपर मारला, चंदेरी रंग दिला, डिकल बसवले. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं काम उरलं होतं: वरून क्लिअर कोट. मी कुठंतरी वाचलं होतं की शेवटी मॅट क्लिअर मारायचाच, मॉडेल 'खरं' दिसतं. पाऊस थांबला होता, गच्चीवर गेलो, स्प्रेचा डबा हलवला, दोन हात मारले. पाच मिनिटांत विमान पांढरट झालं. दूध सांडल्यासारखं. मी घाबरून अजून एक हात मारला. अजून पांढरं.

दुसऱ्या दिवशी द्यायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तेच दिलं. आबांनी हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्यानं पंखावरून पुसलं. परत पुसलं. मग हळूच मला म्हणाले, "अरे, मला वाटलं मोतीबिंदू परत आला."

सगळे हसले. मीही हसलो. पण मंडळी, रात्री झोप लागली नाही. कारण नंबर बरोबर होता! ज्या चंदेरीची शिफारस होती तोच मी घेतला होता. मग चुकलं काय?

चुकलं हे, की मी सुरुवातीपासून शेवटाकडे गेलो. आधी रंग घेतला, मग प्रायमर, मग शेवटी वाटलं म्हणून क्लिअर. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल: प्रॉडक्शनमध्ये काय चालवायचंय ते न ठरवता आपण लायब्ररी इन्स्टॉल करत सुटतो, तसंच. तर आजच्या एपिसोडचं एका वाक्यात सार: शेवटचा थर आधी ठरवा, आणि तिथून मागे मागे येत रंग निवडा.

चमक म्हणजे नक्की काय

मॅट, सॅटिन, ग्लॉस हे शब्द डब्यावर असतात. त्यामागं फिजिक्स अगदी साधं आहे. ग्लॉस पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेनं परततो, म्हणून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खरखरीत असतो, प्रकाश चारी दिशांना विखुरतो. मॅट क्लिअरमध्ये त्यासाठी बारीक पूड घातलेली असते. म्हणून तर मॅटची बाटली नीट हलवली नाही तर ती पूड तळाशी राहते, आणि कधी ग्लॉस निघतं, कधी पांढरे ठिपके.

आता विचार करा. उघडा धातू चमकतो कशामुळं? प्रकाश सरळ परततो म्हणून. त्याच्यावर मी काय लावलं? प्रकाश विखुरणारा थर. म्हणजे पाऊस पडला नसता, हवा कोरडी असती, तरी माझं विमान मेलंच असतं. फक्त पांढरं न होता राखाडी झालं असतं. धातूच्या फिनिशवर मॅट क्लिअर मारायचा नाही. ग्लॉस क्लिअरनंसुद्धा बऱ्याच चंदेरी रंगांची धातूपणाची झाक कमी होते. हा पहिला धडा.

म्हणून किट उघडलं की पहिला प्रश्न "रंग कोणता" हा नाही. पहिला प्रश्न: खरी वस्तू कशी चमकते? रस्त्यावरची कार ग्लॉस, वरून क्लिअर, पॉलिश. रणगाडा मॅट, धूळ खाल्लेला. आजची लढाऊ विमानं मॅट ते सॅटिनच्या मध्ये कुठंतरी. प्रवासी विमान ग्लॉस. आणि एकाच वस्तूवर दोन-तीन फिनिश असतात हे विसरू नका. कारचं बॉडीवर्क ग्लॉस पण टायर मॅट. मिग-२१ चं अंग धातूचं, पण नाकातला शंकू धातूचा नाही, कारण त्याच्या आत रडार असतं, म्हणून तो रंगवलेला. चाकांच्या मधला भाग हिरवा. एवढे फरक नीट दाखवले की अर्धं काम होतं.

एक मजेची गोष्ट सांगतो. अमेरिकन विमानांच्या रंगांना एफएस नंबर असतात, पाच आकडी. उदाहरणार्थ एफएस ३६३७५, हा एक फिकट राखाडी आहे. त्यातला पहिला आकडा चमकीचा असतो: १ म्हणजे ग्लॉस, २ म्हणजे सेमी-ग्लॉस, ३ म्हणजे मॅट. दुसरा आकडा रंगाच्या कुळाचा, ६ म्हणजे राखाडी. म्हणजे ज्यांनी ही यादी बनवली त्यांनी चमक आधी लिहिली, रंग नंतर. आपण बरोबर उलटं करतो.

स्केलचा हिशोब

दुसरी गोष्ट अंतराची. १/७२ चं मॉडेल तुम्ही तीस सेंटिमीटरवरून बघता. तीस गुणिले बहात्तर, म्हणजे खरं विमान जवळजवळ साडेएकवीस मीटरवरून बघितल्यासारखं. १/३५ चा रणगाडा असेल तर साडेदहा मीटर. १/३५० ची युद्धनौका असेल तर एकशे पाच मीटर. लांबची गोष्ट आपल्याला थोडी फिकी दिसते, मधल्या हवेमुळं. सह्याद्रीत सगळ्यात मागची डोंगररांग निळसर-फिकी दिसते की नाही, तेच. म्हणून बरेच जण छोट्या स्केलसाठी रंगात थोडा पांढरा किंवा फिकट राखाडी मिसळतात. जहाजाला जास्त, रणगाड्याला कमी. याचा पक्का फॉर्म्युला नाही. माझा नियम: रंग डब्यातल्यापेक्षा कणभर फिका, आणि काळा रंग शुद्ध काळा कधीच नाही. टायरला गडद राखाडी लावून बघा, लगेच रबर वाटेल.

चमकीलाही हेच लागू. खऱ्या कारची चमक वीतभर मॉडेलवर तशीच आणली तर ते खेळणं वाटायला लागतं. छोट्या स्केलला चमक एक पायरी उतरवा.

आणि धातूच्या रंगात सगळ्यात महत्त्वाचं: कणांचा आकार. चंदेरी रंगात धातूचे बारीक पत्रे तरंगत असतात. समजा एक कण ०.०५ मिलिमीटरचा आहे. गुणिले बहात्तर, म्हणजे खऱ्या विमानावर साडेतीन मिलिमीटरपेक्षा मोठी टिकली! कुठलं विमान टिकल्या लावून उडतं? लग्नाच्या मंडपातलं. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला गेट रंगवायचा चंदेरी मॉडेलला चालत नाही. मॉडेलसाठीचे धातूरंग घ्यायचे, त्यातले कण फार बारीक असतात.

तीन घराणी

आता रसायनशास्त्र. घाबरू नका, थोडंच आहे.

पहिलं घराणं लॅकर. जपानी मिस्टर कलर, तामियाची एलपी मालिका, तामियाचे टीएस स्प्रे, धातूसाठी अल्क्लॅड. यांचं द्रावण तिखट असतं, पटकन वाळतं, प्लॅस्टिकला घट्ट धरतं. वास उग्र. ब्रशनं मारणं अवघड, कारण खालचा थर परत विरघळतो.

दुसरं इनॅमल. हम्ब्रॉलचे छोटे १४ मिलीचे टिन डबे, ज्यांच्यावर आपल्या काकांच्या पिढीनं विमानं रंगवली. हळू वाळतं, पण त्यामुळंच ब्रशच्या रेघा आपोआप बसतात. वाळायला रात्र द्यायची, कधी दोन रात्री.

तिसरं अ‍ॅक्रिलिक. इथं सगळे फसतात, कारण एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. तामियाच्या एक्स आणि एक्सएफ बाटल्या अल्कोहोलच्या जातीच्या. वयेहो, म्हणजे स्पॅनिश कंपनी, तिचे ड्रॉपरवाले रंग पाण्याचे. तामियाला तिचं एक्स-२०ए थिनर चालतं, अल्कोहोलही चालतं. तेच अल्कोहोल पाण्याच्या रंगात टाकलंत तर रंग नासलेल्या दुधासारखा फुटतो. मी टाकलंय. एअरब्रश साफ करायला दीड तास गेला. म्हणून 'अ‍ॅक्रिलिक' एवढं वाचून थांबू नका, थिनर कुठलं लागतं ते बघा. शंका असेल तर त्याच कंपनीचं थिनर. थोडे पैसे जातील, डोकेदुखी वाचेल.

जाता जाता तामियाचं कोष्टक: एक्स म्हणजे ग्लॉस, एक्सएफ म्हणजे मॅट. एक्सएफ-१ मॅट काळा, एक्स-१ ग्लॉस काळा.

खाली तिखट, वर सौम्य

या तिघांना एकावर एक लावायचा एक नियम आहे. वरच्या थराचं थिनर खालच्या थराला खाऊ शकता कामा नये. साध्या भाषेत, तिखट खाली, सौम्य वर. लॅकर पूर्ण वाळला की त्यावर इनॅमल किंवा अ‍ॅक्रिलिक लावता येतं. पण इनॅमलवर तिखट लॅकर भरभरून मारलात तर खालचा रंग फुगतो, सुरकुत्या पडतात, पोपडे येतात.

याचा उपयोग वॉश करताना होतो. वॉश म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांमध्ये गडद पातळ रंग सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. तामियाचा पॅनल लाइन अ‍ॅक्सेंट कलर इनॅमल जातीचा आहे. मग खाली काय हवं? इनॅमल थिनरला न जुमानणारं काहीतरी, म्हणजे अ‍ॅक्रिलिक किंवा लॅकर. खालचा रंगही इनॅमल असेल तर वॉश पुसताना रंगच पुसला जाईल. बघा, वॉश शेवटी येतो, पण त्यानं पहिला रंग ठरवला. हेच ते मागे मागे येणं.

आणि एक कळकळीची विनंती. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर, नेलपेंट रिमूव्हर, पेट्रोल, यातलं काहीही मॉडेलच्या अंगाला लावू नका. किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरिन असतं, ते यात विरघळतं. एनसी थिनर एअरब्रशचे धातूचे भाग धुवायला ठीक, तेही खिडकी उघडी ठेवून.

डिकलचा पेच

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हं. मॅट रंगावर थेट लावली तर खरखरीत पृष्ठभागाच्या खड्ड्यांत हवा अडकते आणि पारदर्शक भाग चंदेरी चमकतो. याला सिल्व्हरिंग म्हणतात. म्हणून क्रम असा: रंग, मग ग्लॉस क्लिअर, मग डिकल, मग वॉश, आणि शेवटी जी चमक हवी ती, मॅट किंवा सॅटिन. विमान मॅट करायचंय म्हणून आधी त्याला चकचकीत करायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण काम होतं.

उघड्या धातूच्या मॉडेलमध्ये मात्र हा क्रम मोडतो. तिथं पृष्ठभाग आधीच गुळगुळीत असतो, डिकल थेट बसतात. मग सगळ्या अंगावर क्लिअर ओढायची गरजच काय? फार तर डिकलपुरता बारीक ब्रशनं ग्लॉस लावा. मी आंधळेपणानं नियम पाळला. नियम कशासाठी आहे ते विचारलं नाही.

पावसाळा

आता त्या पांढरेपणाकडे येऊ, कारण मुंबई, कोकण, गोवा, नाशिक, कुठंही असाल तर हे तुमच्या बाबतीत होणारच आहे.

लॅकरचं द्रावण फार पटकन उडतं. उडताना ते पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, पृष्ठभाग थंड पडतो. हवेत बाष्प खूप असेल तर त्या थंड पृष्ठभागावर पाणी धरतं. थंड पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम येतो ना, अगदी तेच. ते पाणी ओल्या रंगात अडकतं आणि थर दुधी होतो. याला ब्लशिंग म्हणतात. स्प्रेच्या डब्यात हे जास्त होतं, कारण आतला वायू बाहेर पडताना डबाही थंडगार होतो.

उपाय काय? एक, दमट दिवशी लॅकरचा क्लिअर मारूच नका. छोटं आर्द्रता मोजायचं यंत्र टेबलावर ठेवा, स्वस्तात मिळतं. माझी स्वतःची मर्यादा साठ टक्के. वर काटा असेल तर त्या दिवशी डिकल कापतो, चाकं रंगवतो, स्प्रेला हात लावत नाही. दोन, लॅकर हळू वाळवणारं थिनर मिळतं, मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर त्यातलंच. द्रावण सावकाश उडालं की पृष्ठभाग तेवढा थंड पडत नाही. तीन, पावसाळ्यात पाण्याचे अ‍ॅक्रिलिक आणि ब्रश. वाळायला वेळ लागेल, पण दूध सांडणार नाही.

आणि झालंच दुधी, तर मी केलं ते करू नका. घाईनं दुसरा हात नको. मॉडेल झाकून ठेवा, कोरडा दिवस येऊ द्या, मग हळू थिनरमध्ये पातळ केलेल्या ग्लॉसचा हलका हात मारा. पुष्कळदा दुधीपणा जातो, कारण खड्डे भरले की प्रकाश विखुरत नाही. मॅटच हवं असेल तर नंतर परत मॅट मारता येतं.

खोली बघून निवडा

खरं सांगू का, रंगांच्या चर्चेत सगळ्यात कमी बोललं जातं ते तुमच्या घराबद्दल. मी पुण्यात दोन रूममेट्सबरोबर राहतो. माझ्या खोलीला एक खिडकी आहे आणि एका रूममेटला धाप लागते. अशा घरात लॅकर एअरब्रशनं उडवणं हा प्रश्न मॉडेलचा नाही, माणसांचा आहे.

नीट ऐका. एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, द्रावणाची वाफ अडवत नाही. वास येतोय म्हणजे वाफ आत जातेय. लॅकर किंवा इनॅमल उडवायचं असेल तर ऑरगॅनिक व्हेपरचं काड्रिज असलेला रेस्पिरेटर हवा, हवा बाहेर फेकणारा पंखा हवा, आणि शेजारी गॅस किंवा देवघरातली समई पेटलेली नको. पाण्याचे अ‍ॅक्रिलिक उडवतानाही साधा मास्क लावाच, कण फुप्फुसात जातात. हे जमत नसेल तर सरळ ब्रश घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

ब्रशची रीत दोन वाक्यांत. रुंद, मऊ, चपटा ब्रश, रंग दुधाइतका पातळ, आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. पहिला हात भिकार दिसतो, तो सगळ्यांचाच दिसतो, तिथं थांबायचं आणि चहा प्यायचा. जाड हात ०.१ मिलिमीटर भरला तरी १/७२ वर तो सात मिलिमीटरचा प्लॅस्टर होतो, बारीक रिबेटं आणि रेषा गाडल्या जातात.

एअरब्रश घेतलात तर ०.३ मिमीची सुई, पंधरा ते वीस पीएसआयचा दाब, आणि मध्ये पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप. आपल्याकडे हा ट्रॅप लागतोच लागतो.

स्प्रेचे डबे आणि लॅकर ज्वालाग्राही असतात, त्यामुळं ते विमानानं पाठवण्यावर बंधनं आहेत. परदेशी साइटवरून मागवण्याच्या नादाला लागू नका. देशातल्या हॉबी दुकानांकडून मागवा, आणि आठ-दहा दिवस धरून चला.

पहिली खरेदी

शंभर बाटल्या नकोत. एकच घराणं धरा आणि वर्षभर सोडू नका. ब्रशवाले असाल तर पाण्याचे अ‍ॅक्रिलिक. काळा, पांढरा, एक मधला राखाडी, एक ऑलिव्ह हिरवा, एक तपकिरी, एक बारीक कणांचा चंदेरी. एक ग्लॉस क्लिअर, एक मॅट क्लिअर. प्रायमर राखाडी. बास. लागेल तशी नवी बाटली.

प्रायमरचा रंगही मागे मागे येऊनच ठरवा. वर लाल किंवा पिवळा येणार असेल तर खाली पांढरा, कारण हे रंग पातळ झाकतात, राखाडीवर मळकट दिसतात. वर चकचकीत धातू येणार असेल तर खाली ग्लॉस काळा, अगदी आरशासारखा. बाकी सगळ्याला राखाडी. आणि प्रायमरच्याही आधी मॉडेल भांड्यांच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा. साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा आणि आपल्या बोटांचं तूप, दोन्ही जातात.

शेवटचं, रंग मॉडेलवर मारण्याआधी कशावर तरी मारून बघा. प्लॅस्टिकचा चमचा बेस्ट. माझ्याकडे मात्र चमचा नाही.

दुसरं विमान

माझ्याकडे ते पहिलं मिग आहे. आबांनी ते परत दिलं नव्हतं, मीच मागून घेतलं. त्याचा रंग काढायचा प्रयत्न केला, अर्धा निघाला, अर्धा नाही, डिकल फाटले. आता ते माझं टेस्ट पीस आहे. डाव्या पंखावर सात प्रकारचे चंदेरी आहेत, उजव्यावर चार क्लिअर.

पण मागायला गेलो तेव्हा पहिल्यांदा मी आबांना तो प्रश्न विचारला, जो किट उघडायच्या आधी विचारायला हवा होता. "आबा, ते दिसायचं कसं?"

ते तासभर बोलले. म्हणाले, "एकसारखं नव्हतं रे. शेजारी शेजारी दोन पत्रे, एक उजळ, एक मळका. मागं नळकांड्यापाशी तर तापून तापून पिवळट-निळसर झालेलं. आणि जिथं आम्ही रोज हात ठेवायचो तिथं वेगळंच चमकायचं." मी घरी चार किलोमीटरवर बसलेल्या तज्ज्ञाला सोडून परदेशी व्हिडिओ बघत होतो.

दुसरं विमान जानेवारीत केलं. काटा चाळीसवर होता. ग्लॉस काळा, मग अल्क्लॅडचे तीन वेगळे धातू, पत्र्यागणिक मास्किंग टेप लावून. शेपटीकडे जळका धातू. कॉकपिटच्या कडेला, जिथं हात लागतो तिथं, कापडानं थोडं घासून उजळ केलं. क्लिअर कोट नाही. कुठंच नाही.

आबांनी ते खिडकीत नेलं, उन्हात फिरवलं. काही बोलले नाहीत. मग शेपटीवर बोट ठेवून म्हणाले, "इथं अजून जळकं हवं होतं." मंडळी, मला त्या दिवशी मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट आहे, कारण चूक दाखवण्याइतपत ते त्यांना खरं वाटलं होतं.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. आम्ही टीव्हीवर बघितलं. मॉडेल टीव्हीशेजारीच होतं. आबांनी ते उचलून कापडानं पुसलं. या वेळी धूळच होती.

तर आजचं लक्षात ठेवा. खरी वस्तू कशी चमकते ते आधी विचारा, बघितलेल्या माणसाला विचारता आलं तर उत्तमच. मग शेवटचा थर, मग त्याच्याखालचं घराणं, मग प्रायमर, आणि सगळ्यात शेवटी बाटलीचा नंबर. आणि हो, खिडकी उघडी ठेवा.

तुमच्या घरात, शेजारात कुणी रेल्वेत, एसटीत, गोदीत काम केलेलं असेल, तर या आठवड्यात त्यांना एकच प्रश्न विचारा: ते दिसायचं कसं? उत्तर आलं की मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, पातळ हात मारा, वाळू द्या!